पिकल्या पानांची निगा : सरकारचे धोरण, जगाचा अनुभव आणि आपण सभासद



या पानावर आम्ही लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेत असतो. या वेळचा विषय वेगळा आहे : म्हातारपण. ऊस विकास खात्याचा म्हातारपणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो रोजचा आहे. गटात फिरताना बांधावर भेटतो तो सभासद बहुतेक वेळा साठीच्या पुढचा असतो. "पोरगं कुठं आहे?" म्हटले की उत्तर ठरलेले. कोणाचा अंबरनाथला कंपनीत, कोणाचा उल्हासनगरला दुकानात, कोणी बदलापूरला फ्लॅट घेतलाय आणि मुंबईला ये-जा करतोय. शेअर बापाच्या नावावर, ऊस नोंद बापाच्या नावावर, आणि पाण्याची पाळी रात्री दोनला आली तरी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो तोही बापच.

हे किती दिवस चालणार, आणि अंग थकल्यावर पुढे काय, हा प्रश्न सरकारपुढे आहे आणि जगापुढेही आहे. आम्ही काही कायदेपंडित नव्हे, शेतकी पदविकेची माणसे. पण सभासद विचारतात म्हणून जी माहिती गोळा केली ती इथे सोप्या भाषेत देत आहोत.

तीन गावे, तीन तऱ्हा

कल्याण सोडले की कर्जतच्या लाइनीवर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने लागतात. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. त्यानंतर इमारतींना सुमार राहिलेला नाही.

या तीन गावांत म्हातारपणाच्या तीन तऱ्हा दिसतात. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा दिला, आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आईच्या कडेवर बसून आलेली ती मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. छोटा धंदा आणि दुकान यांवर ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना पेन्शन कुठली? गल्ला मुलाच्या हातात गेला की म्हाताऱ्याचा आधार मुलाची मर्जी.

अंबरनाथ कारखान्यांचे गाव. तिथला निवृत्त कामगार पेन्शनर असतो, पण ती पेन्शन केवढी? खाजगी नोकरीतल्या कामगारांसाठी १९९५ साली कर्मचारी पेन्शन योजना आली. २०१४ साली तिची किमान रक्कम महिना १००० रुपये ठरली. आपल्या साखर कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगारही याच योजनेत येतात. त्यांचे गाऱ्हाणे आपण ऐकतोच.

तिसरी तऱ्हा बदलापूरची, आणि ती आपल्या घरातली. रात्रीची महालक्ष्मी धरायची, पहाटे कल्याणला उतरायचे आणि लोकलने मुलाकडे जायचे. आठ दिवस बरे वाटते. मग मुलगा-सून पहाटेच्या लोकलने कामाला, नातवंडे शाळेला, आणि म्हातारा-म्हातारी चौथ्या मजल्यावर दार लावून बसलेली. गावी परतावे तर दवाखाना लांब आणि घरात करणारे कोणी नाही. इकडेही नाही, तिकडेही नाही, अशी ओढाताण होते. त्यात रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद झाली. एस. टी. चा मात्र आधार आहे. ६५ ते ७५ वर्षांपर्यंत अर्धे तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात मोफत प्रवास.

आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेत देशात साठीवरची माणसे १० कोटी ३८ लाख, म्हणजे शेकडा साडेआठ होती. त्यांतली शंभरात सुमारे ७१ खेड्यांत राहत होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली हा आकडा सुमारे १४ कोटी ९० लाखांवर गेला. २०५० पर्यंत तो ३४ कोटी ७० लाख होईल, म्हणजे पाचांत एक माणूस साठीपुढचा, असा अंदाज आहे.

कारण साधे आहे. औषधपाण्यामुळे आयुष्य वाढले आणि घरात मुले कमी झाली. पूर्वी एका म्हाताऱ्यामागे चार मुलगे असत, एक ना एक गावात राहत असे. आता एक किंवा दोन, आणि तेही नोकरीच्या गावी. फ्रान्ससारख्या देशाला पासष्टीवरच्या माणसांचे प्रमाण शेकडा ७ वरून १४ वर जायला शंभराहून अधिक वर्षे लागली. तेवढ्या काळात त्यांनी पेन्शन, दवाखाने, देखभालीची व्यवस्था सावकाश उभी केली. आपल्याला तेवढी सवड नाही. आडसाली उसाला वाढायला वेळ मिळतो, सुरूच्या उसाला तो मिळत नाही, म्हणून त्याला खत-पाणी वेळच्या वेळी द्यावे लागते. तसेच हे आहे.

जगातील देश एकत्र का बसले?

सहकार हा शब्द आपल्याला नवा नाही. एकट्याला जमत नाही ते दहांनी मिळून करायचे. म्हातारपणाच्या प्रश्नावर देशांनी असा सहकार प्रथम १९८२ साली केला. जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी संयुक्त राष्ट्रांनी या विषयावरची पहिली जागतिक परिषद घेतली आणि कृती-आराखडा तयार झाला. पुढे १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरला. १९९१ साली संयुक्त राष्ट्रांनी ज्येष्ठांसाठी तत्त्वे मान्य केली. त्यांची पाच कलमे : स्वावलंबन, सहभाग, देखभाल, आपल्या गुणांना वाव आणि प्रतिष्ठा. १९९९ हे ज्येष्ठांचे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले गेले. २००२ साली स्पेनमधील माद्रिद येथे दुसरी परिषद झाली. विकासात ज्येष्ठांना वाटा, म्हातारपणी आरोग्य आणि राहण्याजोगी परिस्थिती, या तीन गोष्टींवर तिथे भर दिला. सध्या २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून चालू आहे.

सरकारांबरोबर संस्थांनीही हातमिळवणी केली. हेल्पएज इंडिया ही संस्था आपल्याकडे १९७८ साली निघाली. १९८३ साली हेल्पएज इंटरनॅशनल ही जागतिक संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ही भारतीय संस्था होती.

आता सभासद विचारतील, एवढ्या परिषदा झाल्या, पदरात काय पडले? प्रश्न रास्त आहे. या ठरावांचा कोणत्याही सरकारवर कायदेशीर बोजा पडत नाही. वार्षिक सभेत हात वर करून ठराव मंजूर होतो, पण अंदाजपत्रकात तरतूद नसली की तो प्रोसिडिंग बुकातच राहतो, हे आपल्याला सांगायला नको. मुलांच्या आणि अपंगांच्या हक्कांसाठी जागतिक करार आहेत, ज्येष्ठांसाठी मात्र नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने असा करार लिहिण्यासाठी देशांचा कार्यगट नेमण्याचे ठरवले, हे त्यातले पुढचे पाऊल.

तरीही ठरावाचा एक उपयोग होतो. तो झाला की जाब विचारता येतो. १९९९ च्या जानेवारीत, ज्येष्ठांच्या त्याच आंतरराष्ट्रीय वर्षी, केंद्र सरकारने ज्येष्ठ नागरिकांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. साठी पूर्ण झालेला तो ज्येष्ठ, हे त्यात धरले. आपल्या घटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपणी साहाय्य देण्याची गोष्ट १९५० पासूनच लिहिलेली आहे. धोरणाने तिला पेन्शन, आरोग्य, निवारा आणि संरक्षण असे खाते-खाते पाडून दिले. २०१० नंतर ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला.

जपानने काय केले?

जपानात शंभरातली सुमारे २९ माणसे पासष्टीपुढची आहेत. तिथेही पूर्वी म्हाताऱ्यांचे सगळे सुनेच्या अंगावर असे. २००० सालच्या एप्रिलपासून त्यांनी देखभालीचा विमा सक्तीचा केला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. खर्चाचा निम्मा भाग करातून, निम्मा हप्त्यांतून उभा राहतो. माणूस अंथरुणाला खिळला की घरी येऊन अंघोळ घालणारी, जेवू घालणारी माणसे मिळतात, आणि घरच्यांना बहुतेक वेळा खर्चाच्या दहाव्या हिश्शाएवढीच पदरमोड करावी लागते. जर्मनीने असाच विमा त्याआधी, १९९५ साली, सुरू केला.

आपल्या बिलातून टनामागे थोडी कपात होते आणि त्यातून मोठे काम उभे राहते, त्याच जातीची ही व्यवस्था. पण पैसा जमला तरी करणारे हात लागतात, आणि जपानला ते कमी पडू लागले. म्हणून २०१७ आणि २०२१ साली भारत-जपान यांच्यात झालेल्या करारांत वृद्धांची देखभाल करणाऱ्या प्रशिक्षित तरुण-तरुणींनी तिकडे जाऊन काम करण्याची सोय झाली. जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ साली कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. आपल्या पोरींना रोजगार मिळेल, चांगलेच आहे. मात्र तिकडच्या म्हाताऱ्यांना हात देणारी मुलगी गेल्यावर तिच्या आई-बापाला कोण बघणार, याचाही हिशेब घरात बसून करावा.

आपल्या देशात असा विमा नाही. आपले धोरण कुटुंबावर भिस्त ठेवते. आणि कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात कोण? बहुतेक घरांत सून, नाहीतर स्वतः सत्तरीला आलेली बायको. त्यांच्या कष्टाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

कायदा काय देतो?

२००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा झाला. सभासदांनी यातल्या पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) स्वतःच्या उत्पन्नावर भागत नसेल तर आई-वडील मुलगा, मुलगी, सज्ञान नातू किंवा नात यांच्याकडे निर्वाहखर्च मागू शकतात. लग्न झालेली मुलगीही यात आली. ज्यांना मूलबाळ नाही त्यांना, जो नातेवाईक त्यांच्या मालमत्तेचा धनी आहे किंवा पुढे होणार आहे, त्याच्याकडे मागता येते.

२) अर्ज प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. वकील लागत नाही, कायद्याने तो तिथे उभा राहू शकत नाही. नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर आणखी ३० दिवस.

३) अर्ज कुठे करायचा, हा आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा. आई-बाप राहतात त्या जिल्ह्यात करता येतो आणि मुलगा राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. म्हणजे मुलगा बदलापूरला असला तरी गावाकडच्या सभासदाने आपल्या प्रांत कचेरीत अर्ज द्यावा, मुंबईला खेटे घालायचे कारण नाही. म्हातारा बदलापूरला मुलाजवळच असेल तर तिथला प्रांत उल्हासनगरला बसतो.

४) निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. ती काढून टाकण्यासाठी २०१९ साली लोकसभेत विधेयक आले, पण त्या लोकसभेची मुदत संपली तरी ते मंजूर झाले नाही.

५) म्हाताऱ्याला टाकून देणे हा गुन्हा आहे. तीन महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

६) २३ वे कलम जमिनीचे. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन किंवा घर दिले आणि पुढे सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी अट होती हे दिसले पाहिजे. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले. त्या प्रकरणात सांभाळाची अट लिहिलेली होती.

हे सहावे कलम आम्ही मुद्दाम विस्ताराने दिले. गट ऑफिसला असे सभासद येतात की जमीन मुलाच्या नावे करून बसलेले असतात. "आपलंच पोर, त्याला कसली अट घालायची?" म्हणून कागदात एक ओळही लिहिलेली नसते. मग ऊस नोंद मुलाची, बिल मुलाच्या खात्यावर, आणि चहा-तंबाखूलाही बाप हात पसरणार. पोरगं वाईट असतेच असे नाही. बदलापूरच्या फ्लॅटचा हप्ता, मुलांच्या फिया, त्यात तोही पिचलेला असतो. पण बापाच्या हातात चार पैसे आले नाहीत तर त्याचा शब्द घरात राहत नाही, हे आम्ही पाहतो. बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्यावी. नाहीतर मृत्युपत्र करावे. ते मरणानंतर लागू होते आणि हयातीत केव्हाही बदलता येते. दोन साक्षीदार मात्र हवेत.

एक गोष्ट भगिनींसाठी. नवऱ्यामागे बाई बरीच वर्षे राहते, पण सात-बाऱ्यावर तिचे नाव नसते. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून गावोगाव बायकांच्या नावे जमिनी करून दिल्या. तो विचार आजही तितकाच खरा आहे. हयातीतच बायकोचे नाव लावलेले बरे.

पैशाची आणि औषधाची सोय

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षे पूर्ण झालेल्या गरीब ज्येष्ठांसाठी आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये. २०२३ पासून महिना १,५०० रुपये झाले. अर्ज तहसील कचेरीत. ही मर्यादा फार तोकडी असल्याने थोडा ऊस असलेला सभासदही यातून सुटतो, हे खरे आहे.

सत्तरी पूर्ण केलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजना उत्पन्नाची अट न घालता खुली झाली. कुटुंबातल्या सत्तरीवरच्यांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार. आधार कार्डावरून वेगळे कार्ड निघते. ते योजनेतल्या देशभरच्या रुग्णालयांत चालते, म्हणजे गावी काढलेले कार्ड मुलाकडे गेल्यावरही उपयोगी. दवाखान्यात दाखल झाल्यावरचाच खर्च यात मिळतो, रोजच्या बी. पी. च्या, शुगरच्या गोळ्या आपल्याच खिशातून.

तरुण सभासदांसाठी किसान मानधन योजना २०१९ पासून आहे. दोन हेक्टरपर्यंत जमीन आणि वय १८ ते ४० असलेल्याने वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार घालते, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन. मागे राहणाऱ्या जोडीदाराला त्याच्या निम्मी. चाळिशी उलटली की दार बंद, म्हणून ज्यांची पोरे तिशी-पस्तिशीत आहेत त्यांनी आजच चौकशी करावी.

सल्ला किंवा मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक २०२१ पासून देशभर चालू आहे.

हंगामापूर्वी करण्याची कामे

१) शेअरचे नामनिर्देशन झाले आहे का, ते शेअर विभागात पाहून घ्यावे. नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, पण ते नसले की सभासदामागे घरच्यांना कागदांसाठी फिरावे लागते.

२) जमीन नावावर करून देण्याआधी अट लिहावी, किंवा मृत्युपत्र करावे.

३) ऊस बिलाचे खाते म्हाताऱ्याच्या नावे असेल तर तसेच राहू द्यावे.

४) सत्तरीवरच्यांचे आयुष्मान कार्ड काढावे.

५) आई-वडील मुलाकडे राहायला जात असतील तर तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघात त्यांचे नाव घालावे. चार तोंडे बोलायला मिळाली तर चौथा मजला सुसह्य होतो.

आपण लागणीच्या उसाला सगळे देतो आणि खोडव्याला उरलेसुरले. मग उतारा पडला की म्हणतो, खोडवा परवडत नाही. बुडखे वेळेवर छाटले, पाचट न जाळता सरीत ठेवले, पहारीने खत दिले तर तोच खोडवा लागणीच्या जवळपास जातो, हे आपल्याच गटातल्या शेतकऱ्यांनी दाखवले आहे. घरातल्या थकल्या माणसांचेही असेच आहे. त्यांना वेळेवर गोळ्या, हातात थोडा पैसा आणि विचारपूस मिळाली, तर शेताची आणि घराची जाण त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला नसते.

गटनिहाय साठीवरच्या सभासदांची यादी करून त्यांच्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला आरोग्य तपासणी ठेवावी, असे टिपण आम्ही संचालक मंडळापुढे ठेवत आहोत. तोवर वरील कागदांविषयी काही शंका असल्यास आठवड्याच्या बाजारादिवशी गट कार्यालयात यावे. येताना सात-बारा, शेअर दाखला आणि आधार कार्ड बरोबर आणावे. चालवत नसेल त्यांनी चिटबॉयकडे निरोप द्यावा, आम्ही घरी येऊ.



— ऊस विकास अधिकारी